भंडाऱ्यातला पराभव, राज्यसभेतला सप्टेंबर

गोंदिया शहराला खेटून असलेलं कुडवा आज भंडारा-गोंदिया लोकसभा मतदारसंघात आहे. १९५४ साली गोंदिया जिल्हा नव्हता, तो १९९९ मध्ये झाला. महाराष्ट्र राज्यही नव्हतं. धानाच्या बांध्या, मालगुजारी तलाव आणि तेंदूच्या जंगलांचा हा सगळा मुलूख तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा जुन्या मध्य प्रदेशात. राजधानी नागपूर. त्या वर्षीच्या मे महिन्यात, तेंदूपत्त्याच्या ऐन हंगामात, इथल्या प्रत्येक मतदाराच्या हातात दोन मतपत्रिका आल्या, कारण भंडारा दोन जागांचा मतदारसंघ होता: एक सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेसाठी काँग्रेसचे पूनमचंद रांका आणि प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता समोरासमोर होते. राखीव जागेसाठी काँग्रेसचे भाऊराव बोरकर आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

मेहता जिंकले. बाबासाहेब आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले. इतिहासात ही निवडणूक सहसा एवढ्या एका ओळीत आटोपली जाते. तिला जास्त जागा द्यायला हवी असं मला वाटतं, कारण ती ज्या कारणाने झाली, ज्या पद्धतीने लढली गेली आणि तिच्यानंतर चारच महिन्यांत संसदेत जे बोललं गेलं, त्या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता: कायद्याने दिलेला हक्क गावात कोणाच्या मर्जीवर टिकतो?

आधी कारण पाहू. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडाऱ्यातून काँग्रेसचे चतुर्भुज जसानी सर्वसाधारण जागेवर आणि तुळाराम साखरे राखीव जागेवर निवडून आले होते. काही मतदारांनी या निकालाला आव्हान दिलं. निवडणूक न्यायाधिकरणाने ती निवडणूक रद्द ठरवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये तिथेही रद्दबातलपण कायम झालं. चतुर्भुज विठ्ठलदास जसानी विरुद्ध मोरेश्वर परशराम या नावाने हा निकाल वकिलांना आजही पाठ असतो. तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. बोस सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. भंडारा त्यांना नकाशावर शोधावा लागणार नव्हता.

प्रकरणात दोन मुद्दे होते. एक बिडीचा. जसानी ज्या बिडी कंपनीचे भागीदार होते, तिचा सैनिकांच्या कँटीनला बिड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारी करारात हितसंबंध असलेल्या माणसाला उमेदवार होता येत नाही, हा नियम त्यांना लागू झाला. गोंदियाच्या आसपास वाढलेल्या कोणालाही यात नवल वाटणार नाही. बिडी हाच इथला उद्योग होता. पानं जंगलातून यायची, बिड्या घराघरांत वळल्या जायच्या, वळणारे हात बहुतेक दलितांचे आणि त्यातही स्त्रियांचे. नागपूर-कामठीकडे या कामगारांची पहिली भक्कम संघटना एल. एन. हरदास यांनी तीसच्या दशकात बांधली होती. हरदास १९३७ मध्ये प्रांतिक विधिमंडळावर निवडून गेले आणि १९३९ च्या जानेवारीत अगदी तरुण वयात वारले. ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. फेडरेशनची विदर्भातली ताकद या बिडी कामगारांत आणि नागपूरच्या गिरणी कामगारांत होती. अखिल भारतीय फेडरेशनची स्थापनाही जुलै १९४२ मध्ये नागपुरातच झाली होती. बाबासाहेबांनी लोकसभेसाठी भंडारा निवडला तो या पायावर.

दुसरा मुद्दा जास्त खोल होता. गंगाराम ठवरे या महार समाजातल्या कार्यकर्त्याने राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. कारण असं की ठवऱ्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला आहे, महानुभाव जात मानत नाहीत, म्हणजे हे आता महार राहिले नाहीत. चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात जी विषमता नाकारली, तिचा आधार घेऊन विसाव्या शतकात एका दलित माणसाला उमेदवारी नाकारण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी तपासल्या: जुना समाज त्याला आपला मानतो का, त्याचा स्वतःचा हेतू काय आहे, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. पुरावा सांगत होता की ठवरे स्वतःला महारच म्हणवत होते आणि समाजही त्यांना महारच समजत होता. पंथ बदलल्याने जात गेलेली नव्हती. अर्ज चुकीने फेटाळला गेला, त्याचा परिणाम संपूर्ण निवडणुकीवर झाला, म्हणून दोन्ही जागा रिकाम्या झाल्या.

म्हणजे बाबासाहेब ज्या पोटनिवडणुकीत उतरले ती मुळात उद्भवली ‘धर्म किंवा पंथ बदलला तर जात जाते का’ या प्रश्नातून. धर्मांतराची घोषणा त्यांनी १९३५ मध्ये येवल्याला केली होती. ती प्रत्यक्षात यायला आता अडीच वर्षं उरली होती. या प्रश्नाकडे पुढे परत यावं लागेल.

दोन जागांची पद्धत आजच्या मतदाराला समजावून सांगावी लागते. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह. मतदाराने दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच मत धरलं जायचं, दुसरं वाया. राखीव जागेसाठीही मतदान सगळ्यांनीच करायचं. त्यामुळे दलित उमेदवाराचा निकाल दलित मतदारांच्या हातात नसायचा. मतदारसंघातल्या सवर्ण आणि इतर शेतकरी जातींची दुसरी मतपत्रिका कोणत्या पेटीत पडते, यावर सारं ठरायचं. १९३२ च्या पुणे कराराची ही थेट पुढची पायरी होती. स्वतंत्र मतदारसंघ सोडून संयुक्त मतदारसंघ स्वीकारताना जी भीती बाबासाहेबांनी बोलून दाखवली होती, ती आता पेटीच्या रूपात त्यांच्यासमोर होती.

या पद्धतीचा फटका त्यांनी आधीच खाल्ला होता. १९५२ मध्ये उत्तर मुंबई शहर या दोन जागांच्या मतदारसंघात त्यांचा काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. तेव्हाही त्यांच्या जोडीला सर्वसाधारण जागेवर अशोक मेहताच उभे होते, आणि मेहताही हरले. त्या निवडणुकीत ७४,३३३ मतपत्रिका बाद ठरल्या. बाबासाहेब आणि मेहता यांनी एकत्र निवडणूक याचिका दाखल केली. मतदारांना दुसरं मत जाणूनबुजून वाया घालवायला शिकवलं गेलं, असा त्यांचा आरोप होता आणि त्यांचा रोख कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारावर होता. याचिका फेटाळली गेली. त्याच वर्षी बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले, पण थेट जनतेने निवडून दिलेल्या सभागृहात बसण्याची ओढ त्यांना होती. राज्यघटना ज्यांच्या हातून घडली त्यांना मतदारांकडून संसदेत जाता आलं नव्हतं.

दोन वर्षांनी तेच दोघे भंडाऱ्यात पुन्हा जोडीने उभे राहिले. दोघांना जोडणारं राजकारण डावं होतं, पण दोन वेगळ्या वाटांनी आलेलं. मेहता भावनगरात १९११ मध्ये जन्मले, सोलापूर आणि मुंबईत शिकले. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापक मंडळींपैकी ते एक. १९५० च्या मुंबईच्या गिरणी संपाच्या आघाडीवर ते होते. १९५३ मध्ये बैतूलच्या अधिवेशनात त्यांनी मांडलं की मागास अर्थव्यवस्थेत विरोधी पक्षाने सरकारशी नुसतंच भांडू नये, सहमतीची क्षेत्रं शोधावीत. या मांडणीवरून समाजवादी पक्षात मोठं वादळ उठलं. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता, १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करणारं विधेयक आणलं होतं, १९३८ मध्ये संपाचा हक्क आवळणाऱ्या कायद्याविरुद्ध कम्युनिस्टांसोबत एक दिवसाचा संप घडवला होता, आणि १९४७ मध्ये शेती व मुख्य उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी घटनात्मक मांडणीही करून ठेवली होती. जमीन आणि भांडवल यांच्याबद्दल ते मेहतांच्या डावीकडेच होते म्हणा ना. फरक इतकाच की मेहतांच्या विश्लेषणात वर्ग आधी येई. बाबासाहेबांना गावातल्या महारवाड्यातून बाहेर पडताना आधी जात आडवी येई आणि मग बाकी सगळं.

एप्रिलमध्ये त्यांनी भंडाऱ्यात प्रचार केला. तब्येत खालावलेली होती, पायांच्या दुखण्याने आणि मधुमेहाने जर्जर झालेले होते. भाषणांत त्यांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर, काँग्रेसच्या कारभारावर कडाडून टीका केली. या प्रचारातली एक गोष्ट विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. कार्यकर्त्यांनी सुचवलं की आपल्या लोकांनी फक्त बाबासाहेबांच्या पेटीत मत टाकावं आणि दुसरी मतपत्रिका वाया घालवावी, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडणार नाही. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने घटना लिहिली त्यानेच मताचा हक्क वाया घालवायला सांगायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. फेडरेशनच्या मतदारांनी दुसरं मत मेहतांना द्यावं, असंच ते सांगत राहिले. सांगोवांगी आलेली ही गोष्ट मला खरी वाटते, कारण ती आधीच्या दोन वर्षांशी जुळते. मुंबईत वाया घालवलेल्या मतांबद्दल ज्याने न्यायाधिकरणाचं दार ठोठावलं होतं, तो माणूस भंडाऱ्यात वेगळं कसं वागणार?

निकाल लागला. फेडरेशनची मतं मेहतांच्या झोपडीच्या चिन्हाकडे गेली, पण समाजवादी पक्षाला मत देणाऱ्यांची दुसरी मतपत्रिका तेवढ्याच प्रमाणात फेडरेशनच्या हत्तीच्या पेटीत आली नाही, असाच या निकालाचा अर्थ तेव्हापासून लावला जातो. मलाही दुसरा अर्थ दिसत नाही. युती करणाऱ्या दोन पक्षांचे नेते एका व्यासपीठावर बसले, तरी गावातला मतदार काँग्रेसविरोधी असताना आपलं दुसरं मत काँग्रेसच्या दलित उमेदवाराला देऊ शकत होता, आणि त्याने ते दिलं. या देशातल्या डाव्या राजकारणाने या निकालाचा जितका अभ्यास करायला हवा होता तितका केला नाही. याचं मला खरोखर दुःख वाटतं. युती पक्षांत झाली होती, वस्त्यांत झाली नव्हती, हे भंडाऱ्याने पेटी उघडून दाखवलं होतं.



बाबासाहेब दिल्लीला परतले ते राज्यसभेतल्या आपल्या जागेवर. १९५१ च्या सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यापासून ते विरोधी बाकांवर होते. १९५४ च्या पावसाळी अधिवेशनात त्यांनी जी भाषणं केली, त्यांतली दोन सप्टेंबरची आहेत आणि दोन्ही भंडाऱ्याच्या गावांतून नुकत्याच फिरून आलेल्या माणसाची वाटतात.

पहिलं ६ सप्टेंबरचं. अनुसूचित जाती-जमाती आयुक्तांच्या अहवालावर चर्चा होती. बाबासाहेबांनी शिष्यवृत्त्या आणि नोकऱ्यांच्या आकड्यांपलीकडे जाऊन मूळ प्रश्न धरला: जमीन. दलित गावात राहतो, पण त्याच्या पायाखालची जमीन त्याची नसते, म्हणून तो गावाच्या दयेवर असतो. पडीक जमीन सरकारने ताब्यात घ्यावी आणि अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींना द्यावी. पैसा कुठून आणायचा, याचंही उत्तर त्यांच्याकडे होतं. १९४७ मध्ये रद्द झालेला मिठावरचा कर पुन्हा बसवा, त्याचा गांधींच्या नावाने निधी उभारा आणि तो या कामाला लावा. गांधींना मिठापेक्षा अस्पृश्य जास्त प्रिय होते, असा त्यांचा युक्तिवाद होता. सभागृहातल्या काँग्रेस सदस्यांना तो ऐकणं सोपं गेलं नसेल. दांडीच्या यात्रेने ज्या कराला अधर्म ठरवलं, तोच कर अस्पृश्यांच्या जमिनीसाठी परत आणा, असं ते त्यांच्या तोंडावर सांगत होते.

भंडारा-गोंदियाच्या माणसाला पडीक जमीन म्हटली की महसुली दप्तरातला ‘झुडपी जंगल’ हा शेरा आठवतो. ना धड जंगल, ना धड शेती, अशा नोंदीखाली या भागातली केवढी तरी जमीन अडकून पडली. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, मालगुजारांचे हक्क सरकारकडे आले, पण गावकुसाबाहेरच्या माणसापर्यंत त्यातली जमीन पोचावी अशी कोणतीही आपोआप चालणारी व्यवस्था नव्हती. बाबासाहेबांची मागणी मान्य झाली नाही. मिठावर कर परत आला नाही, निधीही झाला नाही.

दुसरं भाषण १६ सप्टेंबरचं, अस्पृश्यता (अपराध) विधेयकावर. घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली होती, पण ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा देशव्यापी कायदा व्हायचा होता. गृहमंत्री कैलासनाथ काटजूंनी आणलेल्या विधेयकाचं स्वागत करून बाबासाहेब तिथेच थांबले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. ते मसुद्यात शिरले. त्यांचा पहिलाच आक्षेप नावावर होता. कायद्याला अस्पृश्यतेचं नाव देऊ नका, नागरी हक्कांच्या संरक्षणाचं द्या. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या सूचनेत मोठी गोष्ट होती. अस्पृश्यतेचा कायदा म्हटलं की तो सवर्णांनी सोडून द्यायच्या एका वाईट चालीचा कायदा होतो. नागरी हक्कांचा कायदा म्हटलं की विहिरीवर येणारा माणूस हक्कदार नागरिक ठरतो आणि त्याला अडवणारा गुन्हेगार. अमेरिकेने यादवी युद्धानंतर केलेल्या नागरी हक्क कायद्याचा दाखला त्यांनी दिला.

पुढचा आक्षेप बहिष्काराचा. गावातला दलित हॉटेलात किंवा देवळात पाऊल टाकायला कचरतो तो केवळ हाताबुक्क्यांच्या भीतीने नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याला कोणी मजुरीला बोलावणार नाही, दुकानदार तेल-मीठ देणार नाही, गाईला चरायला रान मिळणार नाही. एका ठरावाने सगळं गाव त्याच्याकडे पाठ फिरवतं. हे हत्यार दिसत नाही, म्हणून कायद्याच्या नजरेतून सुटतं. बाबासाहेबांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं आणि बहिष्काराला नीट पकडणारी तरतूद मागितली. गुन्ह्यात तडजोड करण्याची मुभाही त्यांना खटकली. ज्याची रोजची भाकरी आरोपीच्या शेतात आहे, त्याने तक्रार मागे घेणं ही काही त्याची संमती नसते.

कायदा १९५५ मध्ये झाला आणि १ जूनपासून अमलात आला. काही बाबतींत तो भक्कम होता. सातव्या कलमात बहिष्कार म्हणजे काय हे स्पष्टीकरण देऊन आलं. बाराव्या कलमाने न्यायालयाला सांगितलं की अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत असा गुन्हा घडला तर तो अस्पृश्यतेच्या कारणाने घडला असं गृहीत धरावं, उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची. पण शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने किंवा पाचशे रुपये दंड किंवा दोन्ही. तडजोडीची वाट उघडीच राहिली आणि नावही तेच राहिलं.

ते नाव बदललं १९७६ मध्ये. दुरुस्तीनंतर कायद्याचं नाव झालं ‘नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५’. याच दुरुस्तीने तडजोडीची मुभा काढून घेतली आणि किमान शिक्षा घातली. राज्यसभेतल्या त्या सप्टेंबरला तोपर्यंत बावीस वर्षं झाली होती, आणि बोलणारा माणूस जाऊन वीस. या बावीस वर्षांत ज्या तक्रारी गावातल्या दबावाखाली मिटवल्या गेल्या, त्या करणाऱ्यांच्या आयुष्याचा हिशेब कुठेच ठेवला गेलेला नाही.

इकडे लोकसभेत भंडाऱ्याचे खासदार म्हणून अशोक मेहता बसले ते १९५७ पर्यंत. तयारीचे आणि आकडे तोंडपाठ असलेले वक्ते म्हणून त्यांचा दबदबा होता. नियोजन, अन्नधान्य, उद्योगांची मालकी हे त्यांचे विषय. १९५७ मध्ये अन्नधान्य चौकशी समितीचे ते अध्यक्ष झाले, पुढे लोकसभेत मुझफ्फरपूरहून आले, नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले, काँग्रेसमध्ये गेले, मंत्री झाले आणि १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. आणीबाणीत तुरुंगात होते. भंडाऱ्याशी त्यांचा संबंध १९५४ आणि १९६७ या दोन निवडणुकांपुरताच, पण त्यांच्या आयुष्यातलं एक काम फिरून या गावांपर्यंत आलं. १९७७ च्या डिसेंबरमध्ये जनता सरकारने पंचायत राज्याच्या फेरविचारासाठी त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि १९७८ च्या ऑगस्टमध्ये तिने अहवाल दिला. त्यात अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून ठेवण्याची आणि दुर्बलांसाठीचा पैसा खरोखर त्यांच्यापर्यंत पोचतो का याची नियमित तपासणी करण्याची शिफारस होती. सरकार कोसळलं आणि अहवाल मागे पडला. १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींमधलं आरक्षण घटनेत आलं. कुडव्यासारख्या गावातल्या दलित स्त्रीला सरपंचपदाच्या खुर्चीपर्यंत नेणाऱ्या वाटेवर भंडाऱ्याच्या त्या जुन्या खासदाराचाही एक दगड आहे.

बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून काढलेला निष्कर्ष फार कडक होता. ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळांतल्या राखीव जागाच रद्द कराव्यात असा ठराव केला. ज्या जागेवर दलितांचा प्रतिनिधी बाकीच्यांनी निवडायचा, ती जागा दलितांची नसते, हा त्यातला अर्थ. त्याच वर्षाअखेरीस त्यांनी भाषावार राज्यांवरचं पुस्तक काढलं आणि त्यात मराठी मुलखाची चार राज्यं सुचवली. भंडारा पूर्वेकडच्या राज्यात पडला असता. मराठी भाषकांच्या एका राज्याच्या चळवळीला हे रुचलं नाही. पण मोठ्या राज्यात मोठ्या जातीचंच राज्य होईल, ही त्यांची काळजी दोन जागांच्या मतदारसंघात दोनदा हरलेल्या माणसाची होती, हे ध्यानात घेतलं पाहिजे.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धर्मांतर झालं आणि ठवरे प्रकरणातला प्रश्न लाखो माणसांपुढे उभा राहिला. महानुभाव झाल्यावर जात जात नाही असं न्यायालय म्हणालं होतं. बौद्ध झाल्यावर? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीची व्यक्ती हिंदू असण्याची अट होती, शीख धर्म मानणाऱ्यांना त्यात स्थान मिळालं, बौद्धांना नाही. १९६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेल्या डॉ. डी. पी. मेश्राम यांची निवड बौद्ध झाल्याच्या कारणावरून अखेर सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. नागपूर भंडाऱ्याच्या शेजारीच आहे. एकाच मुलखातले दोन निकाल, दहा वर्षांच्या अंतराने. गावाने मात्र या दोघांतही फरक केला नव्हता. बौद्ध झालेल्या माणसाची विहीर, स्मशान आणि मजुरी तिथेच राहिली होती. संसदेने १९९० मध्ये आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. तोवर चौतीस वर्षं गेली होती.

जमिनीची मागणी मात्र कागदावर पडून राहिली नाही. ३ ऑक्टोबर १९५७ ला फेडरेशन विसर्जित होऊन रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, आणि त्याचे नेते दादासाहेब गायकवाड यांनी बाबासाहेबांचं ६ सप्टेंबरचं भाषण जणू रस्त्यावर आणलं. गायकवाड १९५७ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर आले आणि १९६२ पासून राज्यसभेत होते. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. पडीक आणि सरकारी जमीन कसणाऱ्या भूमिहीनाला मिळावी ही मुख्य मागणी. तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले असं सांगितलं जातं. त्यात बायका होत्या, कडेवरची मुलं होती. सरकारने मागण्यांचा विचार करण्याचं आश्वासन दिलं आणि काही राज्यांत जमीनवाटप झालंही. संसदेत उमटलेला शब्द माणसांनी अंगावर घेतला तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रात मला सापडत नाही.

तरीही २९ सप्टेंबर २००६ ला याच भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजी गावात एका दलित कुटुंबातल्या चौघांची जमावाने हत्या केली. मुळाशी जमिनीचा वाद होता. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवून सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलली. दोन्ही न्यायालयांनी अनुसूचित जाती-जमातींसाठीचा १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू केला नाही, कारण गुन्हा जातीच्या कारणानेच घडला हे सिद्ध झालं नाही. १९५५ च्या कायद्यात जे गृहीतक होतं, सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकणारं, ते १९८९ च्या कायद्यात तसं आलं नव्हतं. भंडाऱ्याच्या न्यायालयात ती उणीव उघडी पडली.

या कायद्याची २०१५ ची दुरुस्ती, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, ती या उणिवेला धरूनच होती. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे हे आरोपीला ठाऊक असणं आता गंभीर गुन्ह्यांत पुरेसं ठरतं. त्याच दुरुस्तीने दलितांवर सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं हा अत्याचार म्हणून नोंदवण्याजोगा गुन्हा केला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचा स्वतंत्र कायदा मंजूर केला आणि तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. १६ सप्टेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी सभागृहात मागितलेल्या गोष्टींपैकी ही शेवटची. कायद्यात ती आता आहे. पोलीस ठाण्यात बहिष्काराची तक्रार घेऊन जाणाऱ्या मजुराला ठाणेदार ही कलमं लावतो की समजूत घालून परत पाठवतो, हे आज भंडारा-गोंदियाच्या प्रत्येक निवडून आलेल्या प्रतिनिधीला विचारलं गेलं पाहिजे.